जाणीव : व्यवहारात, न्यायालयात आणि दर्शनांत

'परिणामांची पूर्ण जाणीव असतानाही आरोपीने हे कृत्य केले', अशा आशयाचे वाक्य फौजदारी निकालपत्रांतून वारंवार आढळते. वाचताना ते सरळ वाटते. परंतु १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या चौकटीत या एका शब्दावर केवढा भार पडलेला होता, ते पाहिले म्हणजे हा सरळपणा टिकत नाही. बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू घडविल्यास कलम ३०४-अ अन्वये जास्तीत जास्त दोन वर्षांचा कारावास होता; तेच कृत्य 'यामुळे मृत्यू घडण्याचा संभव आहे' हे जाणून केले असल्यास कलम ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली दहा वर्षांपर्यंतचा. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. तिच्या १०६ व्या कलमाने निष्काळजीपणाची कमाल शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढविली. १०५ व्या कलमातील दहा वर्षांची मर्यादा आणि तिच्यामागील 'जाणून' ही अट मात्र कायम आहे. गाडी तीच, रस्ता तोच, प्राणहानीही तीच. अंतर पडते ते चालविणाऱ्याला त्या क्षणी काय जाणवत होते, या प्रश्नाच्या उत्तराने.

आता हा 'जाणवत होते' म्हणजे काय होत होते? मानसशास्त्राच्या वर्गात जाणीव म्हणून जे शिकविले जाते तेच का? वेदान्तातील 'साक्षी' ज्याला म्हणतात त्याच्याशी याचा काही संबंध आहे काय? आणि घरात आई मुलाला 'तुला जरा तरी जाणीव आहे का?' असे विचारते, तेव्हा ती नेमके काय विचारीत असते? एकच शब्द तिन्ही ठिकाणी वापरला जातो, म्हणून तिन्ही ठिकाणी एकच वस्तू अभिप्रेत असते असे गृहीत धरण्याची चूक आपल्याकडील चर्चेत पुष्कळदा होते. प्रस्तुत लेखात या शब्दाचे व्यवहारातील वळण प्रथम पाहून, कायद्याने त्यातील कोणता धागा उचलला आणि तत्त्वज्ञांनी कोणता, हे तपासावयाचे आहे.

१

मराठीत या अर्थक्षेत्रात शब्दांची दाटी आहे. जाणीव, जाण, भान, शुद्ध, माहिती, ठाऊक असणे, कल्पना असणे, समज, उमज, दखल, चाहूल. यांतील कोणतेही दोन शब्द सर्वत्र एकमेकांच्या जागी बसत नाहीत. माहितीचा संबंध वस्तुस्थितीशी असतो आणि ती झोपेतही नाहीशी होत नाही. गाढ झोपलेल्या माणसाविषयी 'याला संस्कृत व्याकरण चांगले माहीत आहे' असे आपण निःशंकपणे म्हणतो. 'याला या क्षणी संस्कृत व्याकरणाचे भान आहे' असे मात्र म्हणणार नाही. भानाला वर्तमानकाळ लागतो. धातूच मुळी 'भा', प्रकाशणे. दिवा लावलेला असेल तोवरच प्रकाश असतो, तद्वत भान हे मनासमोर प्रकट असलेल्या गोष्टीचेच असते. म्हणूनच 'पोहता येत नाही हे त्याला माहीत होते, पण मुलगा बुडताना पाहून त्याने उडी घेतली तेव्हा त्याचे भान त्याला राहिले नाही', या वाक्यात कोणताही विरोध नाही. माहिती होती, भान नव्हते. पुढे कायद्याच्या प्रांतात हा भेद फार महत्त्वाचा ठरणार आहे.

'जाणीव' या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभी आहे. तिला भानाप्रमाणे सतत प्रकट असावे लागत नाही. पण माहितीप्रमाणे ती नुसती साठवलेलीही नसते. एखाद्याला आपल्या मर्यादांची जाणीव आहे, असे आपण म्हणतो तेव्हा तो अहोरात्र त्यांचाच विचार करीत असतो असा अर्थ नसतो. प्रसंग येताच ती माहिती त्याच्या वागण्यात उतरते, एवढे आपल्याला म्हणावयाचे असते. गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात मनोव्यापारवाचक शब्दांविषयी जो सिद्धांत मांडला, त्यातील पुष्कळसा भाग अशा शब्दांना लागू पडतो : हे शब्द आतील एखाद्या गुप्त घटनेची नावे नसून विशिष्ट परिस्थितीत विशिष्ट रीतीने वागण्याच्या प्रवृत्तीची नावे आहेत. भानाविषयी मात्र राइलचे म्हणणे पटणे अवघड आहे. देहभान हरपलेला माणूस आणि केवळ निश्चल बसलेला माणूस यांच्या वागण्यात फरक दिसेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जाणीव खोटी असू शकत नाही. 'पाऊस पडेल अशी त्याची समजूत होती' या वाक्यानंतर 'पण पडला नाही' असे जोडता येते. किंबहुना 'समजूत' हा शब्द योजला की ती चुकीची असावी असा वास येऊ लागतो. 'धरण फुटणार आहे याची त्याला जाणीव होती' असे म्हटल्यावर मात्र 'पण ते फुटणार नव्हते' असे म्हणता येत नाही. बोलणाऱ्यानेही ती गोष्ट खरी मानलेली असते. निकालपत्रात 'आरोपीला जाणीव होती' असे लिहिणारा न्यायाधीश एकाच वाक्यात दोन निर्णय देतो : धोका खरोखरच होता, आणि तो आरोपीला कळला होता. पहिला निर्णय वैद्यकीय वा भौतिक पुराव्याचा असतो, दुसरा मनाचा. पहिल्याचा भक्कमपणा नकळत दुसऱ्याला चिकटतो, हा या शब्दाचा एक धोका होय.

व्याकरणही येथे काही सांगते. 'मी जाणतो' यात कर्ता आहे. 'मला कळते', 'मला जाणवते', 'मला भान आहे' यांत कर्ता नाही. आधुनिक बोलीत 'जाणतो' जवळजवळ मागे पडले असून चतुर्थीचा प्रयोग सर्वत्र रूढ झाला आहे. कळणे हे आपण करीत नाही, ते आपल्याला होते. जे आपण करीतच नाही त्याबद्दल आपल्याला दोष कसा द्यावयाचा, असा प्रश्न यातून सहज निघतो. पण हीच भाषा लगेच दुसरा प्रयोग पुढे करते : 'जाणीव ठेवणे'. ठेवणे ही क्रिया कर्त्याची आहे. उपकारांची जाणीव ठेवावी लागते, ज्येष्ठांनी खाल्लेल्या खस्तांची जाणीव ठेवावी लागते, आणि ती न ठेवणारा मनुष्य अज्ञानी नव्हे तर कृतघ्न ठरतो. वर उल्लेखिलेली आई मुलाला माहितीविषयी विचारीतच नसते. बाप किती राबतो हे मुलाला माहीत आहे हे तिला पुरते ठाऊक असते. माहिती असूनही ती त्याच्या वागण्यात उतरत नाही, हीच तिची तक्रार असते. मराठी जाणिवेच्या या नैतिक छटेमुळे 'कळायला हवे होते' हा आपला अत्यंत नित्याचा दोषारोप शक्य होतो. ज्याला कळले नाही त्याला, न कळल्याबद्दलच, आपण जबाबदार धरतो. 'कळत-नकळत', 'जाणूनबुजून', 'अजाणता', 'अनवधानाने' हे सारे शब्द या एकाच प्रश्नाच्या भोवती उभे आहेत : कृत्य झाले ते झाले, पण ते कितपत तुझे?

वयाच्या बाबतीतही भाषा हाच हिशेब मांडते. लहान मूल 'अजाण' असते, पुढे ते 'जाणते' होते. दंडसंहितेच्या ८२ व्या कलमाने सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध नव्हे असे ठरविले होते, आणि ८३ व्या कलमाने सात ते बारा या वयात त्या मुलाची समज पुरेशी परिपक्व आहे किंवा नाही हे पाहावयास सांगितले होते. मराठी कुटुंबातही साधारणतः हाच अंदाज चालतो, फक्त तेथे कलमे नसतात.

२

कायद्याला मनाची गरज पडते, पण मन त्याला दिसत नाही. या अडचणीतून त्याने जाणिवेच्या निदान तीन पायऱ्या निर्माण केल्या : प्रत्यक्ष जाणले, जाणावयास हवे होते, आणि जाणण्याची क्षमताच नव्हती.

तिसऱ्या पायरीचा इतिहास सर्वांच्या परिचयाचा आहे. १८४३ च्या जानेवारीत डॅनिएल मॅक्नॉटन याने लंडनमध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे चिटणीस एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. वेडाच्या कारणावरून तो निर्दोष सुटल्यावर उमराव सभेने न्यायाधीशांना प्रश्न विचारले, आणि त्यांनी दिलेल्या उत्तरांतून जो नियम सिद्ध झाला त्याचीच छाया दंडसंहितेच्या ८४ व्या कलमावर पडली. आपल्या कृत्याचे स्वरूप, किंवा ते अनुचित वा बेकायदेशीर आहे ही गोष्ट, मनोविकृतीमुळे 'जाणण्यास असमर्थ' असलेल्या माणसाचे कृत्य अपराध नव्हे. शब्दयोजना पाहावी. त्याने जाणले नाही एवढे पुरत नाही. तो जाणूच शकत नव्हता, हे दाखवावे लागते. न्याय संहितेच्या २२ व्या कलमाने ही कसोटी चालू ठेवली आहे.

पहिल्या आणि दुसऱ्या पायरीतील अंतर मालमत्तेच्या कायद्यात सर्वांत स्वच्छ दिसते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे तिसरे कलम एखाद्याला एखाद्या गोष्टीची 'नोटीस' केव्हा होती असे म्हणावे ते सांगते : ती त्याला प्रत्यक्ष ठाऊक होती तेव्हा, किंवा जी चौकशी त्याने करावयास हवी होती ती त्याने बुद्ध्या टाळली नसती, अथवा घोर हयगय केली नसती, तर ती त्याला ठाऊक झाली असती तेव्हा. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणांनुसार नोंदणीकृत दस्ताची नोटीस त्या मिळकतीत हितसंबंध घेणाऱ्याला आहे असे मानले जाते. घरात प्रत्यक्ष कोणी राहत असेल तर त्याच्या हक्काची नोटीसही घर विकत घेणाऱ्याला आहे असे मानले जाते. आणि मुखत्यारास कामाच्या ओघात जे कळले ते मालकास कळले असे धरले जाते. गावातील वाडा न पाहता मुंबईत बसून खरेदीखत करणाऱ्याला, वाड्यात कूळ राहते हे कधीच जाणवलेले नसते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते त्याला जाणवलेले असते. मनोव्यापार म्हणून पाहिले तर ही सरळ खोटी गोष्ट आहे. पण हे कलम मनोव्यापाराविषयी बोलतच नाही. डोळे मिटून घेणाऱ्याला अंधाराचा फायदा मिळू द्यावयाचा नाही, एवढाच त्याचा हेतू आहे. चोरीचा माल घेणाऱ्याविषयीच्या ४११ व्या कलमातही 'जाणून' याच्या शेजारी 'मानण्यास कारण असताना' हे शब्द याच हेतूने बसविले होते, आणि न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमात ते आजही आहेत.

फौजदारी कायद्यात ही युक्ती सरसकट चालू दिली तर काय होते, याचे उदाहरण मुंबईतच घडले. मायर हान्स जॉर्ज हा जर्मन प्रवासी २७ नोव्हेंबर १९६२ रोजी झुरिचहून मनिलाला जाणाऱ्या विमानात बसला. अंगातील जाकिटात त्याने चौतीस किलो सोने दडविले होते. विमान दुसऱ्या दिवशी सांताक्रूझला थांबले. तो खालीही उतरला नव्हता. देशातून केवळ पुढे जाणारे सोनेही विमानाच्या मालयादीत नोंदले पाहिजे, अशी रिझर्व्ह बँकेची अधिसूचना २४ नोव्हेंबरच्या राजपत्रात, म्हणजे अवघ्या तीन दिवसांपूर्वी, प्रसिद्ध झाली होती. झुरिचमधील माणसाला ती ठाऊक असण्याचा संभव किती, हे सांगण्याची आवश्यकता नाही. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये बहुमताने तो दोषी असल्याचा निर्णय दिला. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या निर्णयाचा आशय असा की, सोन्याच्या चोरट्या व्यापारास आळा घालणे हा त्या कायद्याचा उद्देश असल्याने येथे दोषी मनाची अट वाचता येत नाही, आणि राजपत्रातील प्रसिद्धी पुरेशी आहे. न्या. सुब्बा राव यांनी भिन्नमत नोंदविले; कायद्याने स्पष्टपणे वगळलेली नसेल तर दोषी मनाची अट गृहीत धरली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. शिक्षा मात्र आधीच भोगलेल्या मुदतीइतकीच ठेवण्यात आली. दोष पूर्ण, शिक्षा अपुरी, या विसंगतीतच न्यायालयाची अस्वस्थता व्यक्त झालेली आहे, असे मला वाटते. आजही मला सुब्बा राव यांची बाजू अधिक पटते. कारण 'कळायला हवे होते' असे म्हणण्यासाठी निदान कळण्याचा एखादा मार्ग तरी खुला असावा लागतो.

खुनाच्या प्रकरणांत प्रश्न याहून नाजूक होतो. दंडसंहितेने येथे 'उद्देश' आणि 'ज्ञान' अशा दोन स्वतंत्र कसोट्या ठेवल्या होत्या. १९५६ च्या बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हेतू, उद्देश आणि ज्ञान यांचा भेद स्पष्ट करताना, कृत्याच्या परिणामांची जाणीव म्हणजे ज्ञान, असा अर्थ सांगितला. एका निवृत्त लष्करी जमादाराने लग्नघरी दारूच्या अमलाखाली, बसण्याच्या जागेवरून, एका मुलावर पिस्तूल झाडले होते. ८६ व्या कलमानुसार स्वतःहून नशा केलेल्या माणसाला, तो शुद्धीवर असता तर जे ज्ञान असते ते ज्ञान होते असे धरून चालावयाचे. उद्देशाविषयी मात्र हे कलम मौन पाळते. न्यायालयाने त्या मौनाचा अर्थ असा लावला की ज्ञान मानून घ्यावे, पण उद्देश परिस्थितीवरून, नशेची तीव्रता ध्यानात घेऊन, ठरवावा. आरोपीचे चालणेबोलणे पाहता तो इतका बेभान नव्हता असा निष्कर्ष निघाला, आणि खुनाची शिक्षा कायम झाली.

हाच प्रश्न जॉन लॉक यांना पडला होता. १६९४ साली आपल्या निबंधाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी व्यक्तीच्या अभिन्नतेविषयीचे प्रकरण नव्याने घातले. जेथवर जाणीव पोहोचते तेथवर व्यक्ती, असा त्यांचा सिद्धांत, आणि 'व्यक्ती' हा शब्दच त्यांच्या मते न्यायव्यवहारातला आहे. मग दारूच्या नशेत केलेले कृत्य शुद्धीवर आलेल्या माणसाला आठवतच नसेल तर त्याला शिक्षा कशी? लॉक उत्तर देतात की मानवी न्यायाला खरी विस्मृती आणि ढोंग यांत निश्चित भेद करता येत नाही, म्हणून तो शिक्षा करतो. अंतिम निवाड्याच्या दिवशी मात्र ज्याची ज्याला जाणीव नाही त्याचा जाब कोणालाही द्यावा लागणार नाही. त्यांचे मित्र मॉलिन्यू यांनी हरकत घेतली की मद्यपानच मुळी दोषास्पद असल्याने तो निमित्त म्हणून पुढे करता येत नाही. मॉलिन्यू यांचा मुद्दा ८६ व्या कलमाच्या अधिक जवळचा आहे. स्वतःच्या नकळत वा इच्छेविरुद्ध मादक पदार्थ दिला गेला असेल तर सवलत, एरव्ही नाही, हा त्या कलमातील अपवाद पुराव्याच्या अडचणीतून निघालेला नसून दोषाच्या विचारातून निघालेला आहे.

आता याच मोजपट्टीने १९४० सालचा अलाहाबाद उच्च न्यायालयातील धिराजियाचा खटला पाहावा. नवऱ्याच्या छळाला कंटाळलेली एक तरुण ग्रामीण स्त्री काही महिन्यांचे मूल छातीशी धरून रात्री घराबाहेर पडली. मागे पावले वाजली, वळून पाहिले तो नवरा. घाबरून ती धावली आणि मुलासह विहिरीत पडली. ती वाचली, मूल दगावले. मूल मारण्याचा तिचा उद्देश नव्हता हे न्यायालयाने मानले. पण अशा उडीने तान्हे मूल मरण्याचा संभव असतो, हे तिला ठाऊक असलेच पाहिजे, असेही मानले. तिचा दोष खुनाहून खाली आला तो निराळ्या मार्गाने : ३०० व्या कलमाच्या चौथ्या भागात असा धोका 'कोणत्याही सबबीविना' पत्करलेला असावा लागतो, आणि तिच्यापाशी भीती ही सबब होती. म्हणून सदोष मनुष्यवध, खून नव्हे. आत्महत्येच्या प्रयत्नाच्या आरोपातून ती सुटली; पळून जाण्याच्या भरात मारलेली उडी म्हणजे आत्महत्या नव्हे. पुढे १९५३ मध्ये मध्य भारतातील ग्यारसीबाईच्या खटल्यात, घरातील भांडणापायी तीन मुलांसह विहिरीत उडी घेणाऱ्या आईला अशी सबब मिळाली नाही व ती खुनाची दोषी ठरली.

निकाल माणुसकीचा झाला यात शंका नाही. पण त्यामागील तर्क पाहिला तर, त्या क्षणी तिला खरोखर काय जाणवत होते हा प्रश्न विचारलाच गेला नाही. विहिरीत पडलेले तान्हे मूल जगत नाही हे तिला 'माहीत' होते, एवढे निर्विवाद. तिला त्याचे 'भान' होते काय? मराठी बोलणारा कोणीही 'बिचारीचे भान सुटले' असेच म्हणेल. दंडसंहितेचे ज्ञान म्हणजे आपली माहिती, भान नव्हे, आणि भान सुटल्याची दाद घेण्यासाठी न्यायालयाला 'सबब' या शब्दाचे दार उघडावे लागले, हे येथे उघड होते. कायद्याने हे दार ठेवले नसते तर भेदरलेली आई आणि थंड डोक्याने धोका पत्करणारा मनुष्य यांना एकाच तराजूत बसावे लागले असते.

उलट दिशेचे उदाहरण अलीकडचे आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर मद्यप्राशन केलेल्या चालकाची भरधाव मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गेली. सात जण मरण पावले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने ३०४-अ लावले. उच्च न्यायालयाने ३०४ चा दुसरा भाग लावून तीन वर्षांची शिक्षा दिली, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. कृत्य इतके धोकादायक आहे की शहाण्या माणसाला त्याचा परिणाम कळेलच, तेथे ते ज्ञान आरोपीवर आरोपित करता येते, असा या निर्णयाचा रोख आहे. येथे मात्र 'कळायला हवे होते' आणि 'कळले होते' यांतील रेघ फार पुसट झाली, हे मान्य केले पाहिजे. शहाण्या माणसाची कसोटी ही मुळात निष्काळजीपणाची कसोटी होय. तिच्यावरूनच ज्ञानही सिद्ध होऊ लागले तर दोन कलमे ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही. या प्रकरणातील निर्णय वस्तुस्थितीवर योग्यच होता, असे माझे मत आहे. कारण परिचित रस्ता, प्यालेली दारू आणि गतीचा अतिरेक यांवरून प्रत्यक्ष जाणिवेचेच अनुमान करता येत होते. पण अनुमान करणे वेगळे आणि आरोपित करणे वेगळे.

३

अनुमान हा शब्द आपल्याला दर्शनांकडे नेतो. दुसऱ्याच्या जाणिवेचे अनुमान करावे लागते हे सर्वांनाच मान्य आहे. स्वतःच्या जाणिवेची जाणीव कशी होते, या प्रश्नावर मात्र भारतीय दर्शनांत शतकानुशतके वाद झाला. नैयायिकांच्या मते 'हा घट' असे ज्ञान प्रथम होते. 'मला घटाचे ज्ञान झाले' हे त्यानंतरचे, मनाने ग्रहण केलेले दुसरे ज्ञान होय, आणि त्याला ते 'अनुव्यवसाय' म्हणतात. पहिले ज्ञान स्वतःला प्रकाशित करीत नाही. मग दुसऱ्यासाठी तिसरे, तिसऱ्यासाठी चौथे अशी अनवस्था ओढवेल, या आक्षेपास त्यांचे उत्तर असे की प्रत्येक ज्ञान ज्ञात असलेच पाहिजे असा नियमच नाही. घट दिसला आणि पाणी भरले, एवढ्याने काम भागते. दिङ्नागाच्या परंपरेतील बौद्ध, प्राभाकर मीमांसक आणि अद्वैती यांना हे मान्य नाही. दिवा दाखविण्यासाठी दुसरा दिवा लागत नाही, त्याप्रमाणे ज्ञान स्वयंप्रकाश आहे, असे ते आपापल्या रीतीने म्हणतात. कुमारिलाच्या अनुयायांनी तिसरीच वाट धरली. ज्ञान झाले की विषयात 'ज्ञातता' नावाचा धर्म उत्पन्न होतो, आणि त्या ज्ञाततेवरून ज्ञान झाले असले पाहिजे हे आपल्याला कळते. म्हणजे स्वतःचे ज्ञानही आपल्याला अनुमानानेच कळते!

भाट्टांचे हे मत सामान्यतः सर्वांत दुबळे समजले जाते, आणि स्वतःच्या ज्ञानापुरते ते तसे आहेही. पण न्यायालयाची कार्यपद्धती कोणत्या दर्शनाशी जुळते असे विचारल्यास उत्तर भाट्ट मत असेच द्यावे लागेल. न्यायाधीश मनात डोकावत नाही. हत्यार कोणते, घाव कोठे, गाडीचा वेग किती, अशा बाहेरच्या वस्तूंवर उमटलेल्या खुणांवरून तो ज्ञानाकडे मागे जातो. आरोपी स्वतः मात्र प्राभाकर असतो. 'मला कळले नव्हते' असे तो सांगतो तेव्हा आपल्या ज्ञानाविषयी आपण अंतिम प्रमाण आहोत असा त्याचा दावा असतो.

नैयायिकांचा मुद्दा येथे एक मधली वाट दाखवितो, आणि मला तीच सर्वांत उपयुक्त वाटते. व्यवसाय झाला पण अनुव्यवसाय झाला नाही, ही स्थिती त्यांच्या मते शक्य आहे. विहीर दिसली, मूल हातात आहे हे कळत होते, पण 'मला हे कळत आहे' असे म्हणण्याइतकी उसंत मनाला मिळाली नाही. धिराजियाच्या बाबतीत न्यायालयाने जे ज्ञान मानले ते फार तर पहिल्या प्रतीचे होते, आणि तिचे वकील ज्याचा अभाव सांगू शकले असते ते दुसऱ्या प्रतीचे.

सुषुप्तीवरील वादही याच मुद्द्यापाशी येतो. गाढ झोपेतून उठलेला माणूस, आपण सुखाने झोपलो होतो आणि आपल्याला काहीच कळले नाही, असे सांगतो. अद्वैती विचारतात की ही आठवण आहे, आणि अनुभवावाचून आठवण नाही. तेव्हा झोपेतही अज्ञानाला पाहणारे साक्षिचैतन्य जागे असले पाहिजे. नैयायिक म्हणतात, ही आठवण नसून अनुमान आहे; ताजेतवाने शरीर आणि मधला रिकामा काळ यांवरून उठल्यावर केलेला तर्क. 'साक्षी' हा शब्द येथे न्यायसभेतूनच आला आहे. पाणिनीने त्याची व्युत्पत्ती साक्षात् पाहणारा अशी दिली आहे. युरोपातही 'कॉन्शस' या शब्दाचे लॅटिन मूळ 'बरोबरीने जाणणारा', म्हणजे दुसऱ्याच्या कृत्याचा माहीतगार, असे आहे. दोन्ही परंपरांत व्यवहारातला साक्षीदार प्रथम आला आणि अंतःकरणातला मागाहून. मात्र वेदान्ताचा साक्षी पाहतो आणि लिप्त होत नाही. त्याला दोष लावता येत नाही. म्हणून जबाबदारीच्या प्रश्नात साक्षिचैतन्याला ओढणे अप्रस्तुत ठरते. ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'त अज्ञानखंडनाच्या पाठोपाठ ज्ञानखंडनाचेही प्रकरण घातले, कारण अज्ञानाच्या अपेक्षेने उभे राहिलेले ज्ञान अज्ञानाबरोबरच जाते. ही भूमिका ज्या पातळीवरची आहे तेथे खटलेही नाहीत आणि कलमेही नाहीत.

पाश्चात्त्य विचारात हा भेद अलीकडे निराळ्या रूपाने पुढे आला आहे. नेड ब्लॉक यांनी १९९५ मध्ये जाणिवेचे दोन अर्थ वेगळे काढले : एक, अनुभवाचा प्रत्यक्ष स्वाद, दुसरा, विचार, भाषण व कृती यांच्या हाती माहिती उपलब्ध असणे. आपल्या शब्दांत पहिला भानाच्या जवळचा, दुसरा जाणिवेच्या. कायदा ज्याच्या शोधात असतो ते दुसरे होय. परंतु उपलब्धतेलाही पायऱ्या असतात, हे लॉरेन्स वाइसक्रांट्झ व त्यांचे सहकारी यांनी १९७४ पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसले. डी. बी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाच्या मेंदूच्या मागील भागातील उजव्या बाजूची दृष्टिकेंद्राची शस्त्रक्रिया झाली होती, आणि दृष्टिक्षेत्राच्या डाव्या बाजूस त्याला काही दिसत नसे. तेथे प्रकाशाचा ठिपका दाखवून 'अंदाजाने बोट दाखवा' असे सांगितले असता त्याचे बोट योगायोगाने समजावता येणार नाही इतक्या अचूकपणे पडे. आपण केवळ अंदाज करीत आहोत असे तो प्रामाणिकपणे सांगत असे. माहिती हाताला उपलब्ध होती, जिभेला नव्हती.

अशा रुग्णांत पुढे दोन प्रकार वेगळे करण्यात आले. पहिल्यात कसलाही अनुभव नसतो. दुसऱ्यात दिसत काहीच नाही, पण तेथे काहीतरी आहे, काहीतरी हलले, असे रुग्णाला वाटते. या दुसऱ्या प्रकारासाठी मराठीत नवी परिभाषा घडविण्याची आवश्यकता नाही. त्यासाठी 'चाहूल' हा शब्द आपल्याकडे पूर्वीपासून आहे. पहिल्या प्रकारासाठी मात्र व्यवहाराच्या भाषेत शब्द नाही, कारण ज्याला चाहूलही लागत नाही त्याला काही कळते, असे म्हणण्याचा प्रसंग व्यवहारात कधी आलाच नाही.